शब्द कळला की प्रश्न विचारता येतो

आपल्या घरांतील मुलेमुली आता केवळ सरकारी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसत नाहीत. पुण्या-मुंबईच्या, बंगळूर-हैदराबादच्या कंपन्यांत ती कामाला लागली आहेत. काम इथे बसून करायचे, पण ज्याच्यासाठी करायचे तो ग्राहक अमेरिकेत, जर्मनीत, नाहीतर जपानमध्ये. मुलांजवळ पदवी आहे, हुशारी आहे, रात्र रात्र जागण्याची तयारी आहे. तरीही बैठकीत त्यातली पुष्कळजण गप्प बसतात. कारण विचारले तर म्हणतात, "इंग्रजी येते हो, पण ते लोक जे शब्द फेकतात ते अंगावर येतात."

हे शब्द बहुतेक प्रकल्प व्यवस्थापनाचे, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे असतात. मी काही त्या विषयातला पंडित नाही. रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे. माझ्या टेबलावरून बांधकामांच्या फायली जातात. वस्तीतल्या मुलांना मदत व्हावी म्हणून स्कोप, बेसलाइन, माइलस्टोन, डिलिव्हरेबल हे शब्द मी वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की यातले निम्मे शब्द आमच्या कार्यालयात मराठीतून रोज वापरले जातात. फक्त त्यांनी कोट घातलेला नसतो.

पहिला शब्द प्रोजेक्टच घ्या. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ज्यातून पूर्वी नव्हते असे काहीतरी उभे राहते, तो प्रकल्प. आवक-जावक नोंदवही भरणे हे रोजचे काम झाले. सगळे कार्यालय नव्या इमारतीत हलवणे हा प्रकल्प झाला. एवढा फरक कळला तरी पुढचे सोपे जाते.

दुसरा शब्द स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती. सरकारी कामात अंदाजपत्रकात ज्या बाबी लिहिल्या तेवढेच काम. त्याबाहेरचे काही निघाले तर ती जादा बाब. तिला वेगळी मंजुरी लागते, वेगळा दर लागतो, गरज असेल तर मुदतवाढ लागते. परदेशी कंपन्यांत त्याच मंजुरीच्या अर्जाला चेंज रिक्वेस्ट म्हणतात. आणि मंजुरी न घेता काम हळूहळू वाढत गेले तर त्याला स्कोप क्रीप म्हणतात. क्रीप म्हणजे रांगत येणे. बोट दिले तर मनगट धरण्याचाच तो प्रकार.

माझ्या पुतणीचे उदाहरण सांगतो. ती एका कंपनीत अमेरिकन ग्राहकाचे काम करते. तो ग्राहक दर आठवड्याच्या बैठकीत गोड बोलून म्हणायचा, "एवढा एक छोटा बदल करून टाका." ही मान डोलवायची. चार महिन्यांत असे अकरा बदल झाले आणि मूळ काम मागे पडले. मग वरिष्ठांनी विचारले, उशीर का झाला? हिच्याजवळ उत्तर होते, पण कागद नव्हता. तिला त्या कामावरून काढून घेण्याची भाषा सुरू झाली. घरी येऊन ती मला म्हणाली, "काका, मी एक दिवसही कामचुकारपणा केला नाही."

मी तिला म्हटले, "बाळ, आमच्याकडे ठेकेदार जादा बाबीची यादी जोडतो. तू जोडलीस का?" त्या रात्री आम्ही दोघांनी बसून जुनी ईमेले काढली. कोणता बदल, कोणी सांगितला, कोणत्या तारखेला, त्याला किती दिवस लागले, असा चार रकान्यांचा तक्ता केला. पुढच्या बैठकीत तिने तो समोर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "हे मूळ स्कोपमध्ये होते का?" ग्राहकाने तीन बदल स्वतःच मागे घेतले आणि उरलेल्यांसाठी तारीख वाढवून दिली. पोरगी कामावर राहिली. यात इंग्रजीचा मोठा पराक्रम नव्हता. योग्य शब्द माहीत होता, म्हणून योग्य प्रश्न विचारता आला.

म्हणून मी मुलांना सांगतो, शब्द पाठ करू नका. प्रत्येक शब्दामागे एक प्रश्न आहे, तो शोधा. बेसलाइन म्हणजे सर्वांनी मंजूर केलेला मूळ आराखडा. प्रश्न असा की आपण उशीर कशाच्या तुलनेत मोजतो आहोत? डिलिव्हरेबल म्हणजे हातात द्यायची वस्तू, मग तो अहवाल असो, नकाशा असो वा प्रणाली असो. प्रश्न असा की नेमके काय दिले म्हणजे काम दिले असे तुम्ही मानाल? साइन-ऑफ म्हणजे काम पूर्णत्वाचा दाखला; प्रश्न असा की त्यावर सही कोणाची? स्टेकहोल्डर म्हणजे या कामाचा ज्याच्यावर बरावाईट परिणाम होणार तो प्रत्येकजण. प्रश्न असा की त्यातल्या कोणाला आपण विचारलेच नाही? रिस्क म्हणजे अजून न आलेले, पण येऊ शकणारे संकट. इश्यू म्हणजे येऊन उभे राहिलेले संकट. पावसाळ्यात काम थांबेल ही रिस्क, पाऊस सुरू झाला हा इश्यू. रिस्क वेळीच लिहून ठेवली तर पुढे "आधी का सांगितले नाही?" असे कोणी म्हणू शकत नाही.

काही शब्दांचा इतिहासही कळला पाहिजे, म्हणजे त्यांची भीती जाते. डेडलाइन हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांची छावणी होती. तिच्या कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या रेषेला डेड लाइन म्हणत. पुढे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लागू झाला. माइलस्टोन मात्र आपला साधा मैलाचा दगड. तो आपण किती वाट चाललो ते सांगतो. ज्या कामात मैलाचे दगड वेळच्या वेळी तपासले जातात, तिथे शेवटच्या रेषेपाशी धावपळ कमी होते.

गँट चार्टचे नाव तर प्रत्येक मुलाखतीत निघते. कोणते काम कोणत्या दिवशी सुरू होऊन कधी संपणार, हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा हा तक्ता. अमेरिकेतील हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात तो रूढ केला. परंतु पोलंडचे अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ सालीच अशा स्वरूपाचा तक्ता तयार केला होता. त्याला ते हार्मोनोग्राम म्हणत. त्यांचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिले, इंग्रजी जगाच्या नजरेस आले नाही. म्हणून तक्त्याला नाव गँटचे मिळाले. काम आधी कोणी केले एवढ्याने भागत नाही, ते समोरच्याला समजेल अशा शब्दांत मांडावेही लागते. आपल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

क्रिटिकल पाथ हा शब्द अवघड वाटतो. १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी ही पद्धत बसवली. १९५८ साली अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची तशाच धर्तीची पद्धत काढली. पण हा शब्द मला नीट समजावला तो माझ्या थोरल्या भावाने. दादाने सारी हयात गवंडीकामात घालवली. मी त्याला अर्थ सांगताच तो म्हणाला, "म्हणजे स्लॅबच ना! सेंट्रिंग झाल्याशिवाय सळई बांधता येत नाही, सळईशिवाय काँक्रीट नाही. काँक्रीट टाकल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे, त्यात घाई चालत नाही. पण खिडक्यांची चौकट बनवायला सुताराला दोन दिवस जास्त लागले तर कुणाचे अडत नाही." दादाने एका दमात क्रिटिकल पाथ आणि फ्लोट असे दोन्ही शब्द उलगडून दाखवले. ज्या साखळीतला एक दिवस चुकला की सगळ्या कामाचा एक दिवस चुकतो, ती साखळी क्रिटिकल पाथ. आणि जिथे थोडी सवड आहे ती सवड म्हणजे फ्लोट. आईवडिलांना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांना यातले काय कळणार, असे समजणाऱ्या मुलांनी एकदा त्यांना विचारून पाहावे.

आणखी एक गोष्ट नेहमी सांगतात, ती म्हणजे वेळ, पैसा आणि व्याप्ती यांचा त्रिकोण. एक बाजू ओढली की दुसरी हलतेच. आपल्या जयंती समितीला हे शिकवायला नको. १४ एप्रिल ही तारीख पुढे ढकलता येत नाही. वर्गणी जमेल तेवढीच जमते. मग देखावा लहान करावा लागतो, नाहीतर वाद्यपथक एकच सांगावे लागते. तिन्ही बाजू मनासारख्या हव्यात असा हट्ट धरणारा कार्यकर्ता जसा समितीला जड जातो, तसाच ग्राहकही कंपनीला जातो. त्याला नम्रपणे विचारावे, "साहेब, या तिन्हींपैकी तुम्ही कोणती सैल सोडता?"

आता परदेशी व्यवहारातले धोके पाहू. शब्द तोच, अर्थ निराळा, असे तिथे पदोपदी होते. ०४/०५ ही तारीख आपण ४ मे वाचतो, अमेरिकन माणूस ५ एप्रिल वाचतो. म्हणून महिन्याचे नाव अक्षरात लिहावे. ग्राहक म्हणतो, "शुक्रवारी दिवसअखेर द्या." कोणाच्या दिवसअखेर? न्यूयॉर्कचे शुक्रवारचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे शनिवारच्या पहाटेचे अडीच. हिवाळ्यात तिकडची घड्याळे बदलली की साडेतीन. लाख-कोटी बाहेरच्यांना कळत नाहीत, तिथे मिलियन सांगावे लागते. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एखादा विषय 'टेबल' करा असे इंग्रज म्हणाला तर त्याला तो चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा असतो. आपले 'प्रीपोन' आणि 'डू द नीडफुल' हे कचेरीतले लाडके शब्दही तिकडे अनेकांना उमगत नाहीत.

अशा गैरसमजाची किंमत किती मोठी असते, ते १९९९ साली जगाने पाहिले. अमेरिकेच्या नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर रोजी मंगळापाशी पोचता पोचता नष्ट झाले. ठेकेदार कंपनीच्या संगणक कार्यक्रमातून आकडे पौंडाच्या मापात येत होते आणि नासा ते न्यूटनच्या मापात धरत होती. दोन्हीकडे विद्वान माणसे होती. माप कोणते, हा साधा प्रश्न वेळेवर तडीस गेला नाही. असा प्रश्न विचारण्यात लाज कसली?

आणि हे सारे शब्द गोऱ्या साहेबाचे आहेत असेही मानू नये. कानबान हा जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटाच्या कारखान्यातून तो जगभर गेला. स्क्रम हा शब्द रग्बीच्या खेळातला, पण कामाच्या पद्धतीला तो लावला ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी, १९८६ सालच्या एका लेखात. आज ज्या अॅजाइल पद्धतीचा एवढा बोलबाला आहे, तिचा जाहीरनामा २००१ साली सतराजणांनी अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र बसून लिहिला. शब्द माणसेच घडवतात. ते शिकून घेण्याचा हक्क सगळ्यांना सारखा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, यासाठी मोठी फी भरून लगेच वर्ग लावण्याची गरज नाही. दोनशे पानी वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात आपल्या घरच्या भाषेतला अर्थ, तिसऱ्यात त्या शब्दावरून बैठकीत विचारायचा प्रश्न. रोज एक शब्द लिहिला तरी दोन महिन्यांत साठ होतात, आणि साठ शब्दांत नोकरीचा बराचसा व्यवहार येतो. आमच्या वस्तीच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा आम्ही हेच करतो. नोकरीला लागलेली मुले नव्यांना शिकवतात. खोटी बैठक भरवतो. एकजण ग्राहक होतो, दुसरा त्याला विचारतो, "हे स्कोपमध्ये आहे का? सही कोणाची? पाच वाजता म्हणजे कुठल्या गावचे पाच?" पहिल्या रविवारी मुली बोलायला लाजतात. तिसऱ्या रविवारी ग्राहक झालेल्या पोराला पळता भुई थोडी होते.

ज्यांच्या वस्तीत वाचनालय आहे, समाजमंदिर आहे, त्यांनी येत्या महिन्यापासून असा दीड तासाचा वर्ग सुरू करावा. एक फळा, एक खडू आणि नोकरी करणारी दोन मुले एवढे साहित्य पुरते. जमले तर गवंडीकाम, सुतारकाम केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाही बोलवावे. कामाची आखणी कशी करतात, हे त्यांना पुस्तकवाल्यांपेक्षा आधीपासून ठाऊक आहे.