उन्हाने विटलेले पाइप

दिवाळी झाली, पाऊस पुरता गेला, भिंतींचा ओलावाही उतरला. आज गच्चीचं पाणी खाली आणणारे पीव्हीसीचे पाइप रंगवायला घेतले. हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते. ऊन प्लास्टिकच्या वरच्या थराला खातं आणि आत मिसळलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड उघडी पडते. तिच्यावर दिलेला रंग पाइपाला धरतच नाही, भुकटीला धरतो. मग पावसात त्याचे पापुद्रे सुटतात.

म्हणून खरी मेहनत धुण्या-घासण्यात. साबणाचं पाणी, २२० नंबरचा पॉलिश पेपर, ओलं फडकं, आणि पाइप खडखडीत वाळू देणं. मग प्लास्टिकला चालणारा प्रायमर आणि बाहेरच्या भिंतींचं ॲक्रिलिक इमल्शन, पातळ दोन हात. ऑइलपेंट नको. पीव्हीसी तापलं की वाढतं, तीन मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर. ऑइलपेंटचा कडक थर एवढं ताणून घेत नाही. गडद रंग जास्त तापतो, तोही नको.

बाबा म्हणत होते, सगळे बदलून टाकू. मी अडून बसले. नुसता रंग विटला म्हणून धड वस्तू भंगारात द्यायची, हे मला पटत नाही. क्लॅम्पजवळचा ठिसूळ तुकडा मात्र बदलणार, रंगाने तडा सांधत नाही. पाण्याच्या काळ्या टाकीला हात लावणार नाही: पॉलिइथिलीनवर रंग टिकत नाही, आणि तिच्या प्लास्टिकात मिसळलेली काजळी उन्हाला पुरून उरते.

उद्या मागची बाजू, ऊन तिकडे वळायच्या आत.