वजनात न धरलेली चुंबळ

नांदूरघाटच्या बाजारात मोडीच्या तराजूवर एक पितळी घागर चढली. तिच्या तोंडात कोंबलेली चुंबळ दुकानदाराने आधी उपसून काढली आणि बाजूला टाकली. वजनात ती धरायची नव्हती. लाल सुती कापडावर दाट भरतकाम, कडेने गच्च बसवलेल्या कवड्या, मागे पाठीवर रुळावी अशी पट्टी आणि तिच्यावरही कवड्याच. घागर जिची होती त्या लमाण म्हातारीने हात पुढे केला. "ती ऱ्हाऊ द्या दादा, ती मोडीत नाही." पैसे मोजून कनवटीला लावले, चुंबळ डोक्यावर बसवली, वर किराणाचं गाठोडं ठेवलं आणि ती चालू लागली. गर्दीत बराच वेळ तिच्या पाठीवरची ती पांढरी पट्टी हलताना दिसत होती.

अशा चुंबळी मी आधी पाहिल्या होत्या, पण छापलेल्या. परदेशातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या पुस्तिकांत त्या असतात. काळ्या पडद्यापुढे, एका बाजूने प्रकाश टाकून, खाली लांबी-रुंदी आणि 'दख्खन, भारत' एवढंच. पान उलटलं की न्यू गिनीची ढाल, त्यापुढे नागा लोकांचा कमरपट्टा, बोर्निओचं टोपलं. मला या पुस्तिका मनापासून आवडतात. तासन् तास पाहतो. कोणाच्या तरी हाताने जीव ओतून केलेली वस्तू आहे, हे फोटोतूनही कळतं. मात्र 'दख्खन' या शब्दाशी दर वेळी अडखळायला होतं. केवढी मोठी दख्खन! त्यातला तांडा कोणता, डोकं कोणाचं?

त्या दिवसापासून मनात घोळत राहिल्या त्या कवड्या. बालाघाटाच्या या दगडी माळापासून समुद्र दूर, मधे सह्याद्री. आणि तरी आमच्या भागात कवडीशिवाय काही हलत नाही. तुळजापूरच्या भवानीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात. जोगवा मागायला दारात आलेल्या बाईच्या हातात परडी आणि गळ्यात ती माळ, हे माझ्या लहानपणीचं नवरात्र. भुत्याच्या अंगावर कवड्या, बैलाच्या गळ्यात कवड्या, सारीपाटाच्या डावात फासे म्हणून कवड्या. आजी सारीपाट खेळताना कवड्या मुठीत खुळखुळवायची, त्या आवाजाने डाव सुरू झाल्याचं घरभर कळायचं. कवडी हातात घेतली की पहिल्यांदा थंड लागते, मग लगेच हाताची होते. तिची चकाकी कोणी घासून आणलेली नसते. आतली गोगलगाय जिवंतपणी आपल्या अंगाचा मऊ पडदा कवचावर ओढून घेते आणि त्याला आतून-बाहेरून सारखं गुळगुळीत ठेवते. म्हणून ती समुद्रातून निघते तेव्हाच तुकतुकीत असते.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ही गोगलगाय सापडते, पण जगाला कवडी पुरवली ती मुख्यतः मालदीवने. तिथले लोक नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात तरंगत सोडायचे, गोगलगायी त्यांना चिकटायच्या, मग झावळ्या ओढून त्या वाळूत पुरायच्या. आतलं मांस कुजून गेलं की धुऊन घ्यायच्या. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता मालदीवला काझी म्हणून राहिला होता. त्याने भाव लिहून ठेवला आहे. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि भाव उतरला की बारा लाख. बंगालचा तांदूळ मालदीवला जायचा आणि परतीच्या गलबतांत कवड्या भरून यायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिल्हटचा सरकारी महसूल कवड्यांत भरला जात होता, नावाच नावा भरून ढाक्याला जात होत्या. याच कवड्या डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी जहाजांच्या तळाशी भरून युरोपला नेल्या, तिथून पश्चिम आफ्रिकेला, आणि तिथे त्या मोजून माणसं विकत घेतली. आराध्याच्या गळ्यातल्या त्या पांढऱ्याशुभ्र वस्तूमागे हेही आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून उठलो होतो.

मालदीवहून बंगालला गेलेली कवडी दख्खनच्या पठारावर कोणी चढवली? एकाच वाटेने ती आली नसणार, पण पठारावर ओझी वाहून आणणारे लोक कोण होते हे आपल्याला माहीत आहे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिरी ताव्हेर्निए हिंदुस्थानात फिरताना लमाणांचे तांडे पाहून चकित झाला. एका तांड्यात दहा-बारा हजार बैल, पाठीवर तांदूळ, धान्य, मीठ. समोरून तांडा आला की वाट सोडून थांबायचं, कधी दोन-तीन दिवस. समुद्राचं मीठ पठारावर आणणाऱ्यांनी समुद्राची कवडी आपल्या बायकांच्या डोक्यावर चढवली, हे मला अगदी साहजिक वाटतं. पुढे रेल्वे आली, पक्क्या सडका आल्या, बैलांचे तांडे थांबले. ज्यांचं अख्खं जगणं वाटेवर होतं ते जागच्या जागी अडकले. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आता त्यांची मुलंनातवंडं कोयता घेऊन दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. वाट पुन्हा आलीच, पण ही वाट त्यांच्या मालकीची नाही.

तांड्यावर आता अशी जुनी चुंबळ क्वचित दिसते. केसांतल्या घुगरी-टोपलीची चांदी दुष्काळात सोनाराकडे गेली, असं म्हाताऱ्या बायका सांगतात. दंडापर्यंत चढवलेल्या बलिया पूर्वी हस्तिदंताच्या किंवा हाडाच्या असत, आता प्लास्टिकच्या. भरतकामाचे फेटिया म्हणजे घागरे आणि कांचळ्या म्हणजे चोळ्या मात्र सहज विकल्या जातात, कारण फेरीवाला दारापर्यंत येतो आणि नव्या साडीच्या बदल्यात जुनं घेऊन जातो. पुढे शहरातल्या दुकानात ते कापड कापून उशांचे अभ्रे आणि पिशव्या होतात. हे पाहून मला चीड येते. एका बाईने दोन-तीन वर्षं काढून घातलेला टाका असा मधोमध कापलेला बघवत नाही. त्यापेक्षा तो त्या पुस्तिकांतल्या काळ्या पडद्यापुढे तरी अख्खा राहतो, असं कधी कधी वाटून जातं.

त्याच पुस्तिकांतल्या नागांच्या कवड्यांची गोष्ट वेगळी. अंगामी नागांच्या काळ्या वस्त्रावर कवड्यांच्या ओळी असत आणि त्या लावण्याचा मान लढाईतल्या पराक्रमाने मिळे. बाजारात विकत घेऊन कोणी ओळ वाढवू शकत नव्हतं. अशा वस्तू इंग्रज अधिकाऱ्यांनी पोत्यांनी गोळा केल्या. त्यांतल्या हटन आणि मिल्स यांनी जमवलेल्या नागा वस्तू ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. १९३६-३७ मध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा तरुण अभ्यासक कोन्याक नागांमध्ये राहिला आणि त्याने व्हिएन्नाच्या संग्रहालयासाठी वस्तू नेल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो हिंदुस्थानात होता. पारपत्र जर्मनीचं, म्हणजे शत्रूचं. इंग्रजांनी त्याला निजामाच्या राज्यापुरतं बांधून ठेवलं. नांदूरघाटही तेव्हा त्याच राज्यात. त्या सक्तीच्या मुक्कामात तो चेंचू आदिवासींकडे गेला, आदिलाबादच्या गोंडांकडे गेला, पुढे निजाम सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागार झाला. गोंडांच्या जमिनी त्यांच्या नावावर व्हाव्यात, त्यांच्या मुलांना गोंडीतून शिकवावं, यासाठी त्याने आणि त्याच्या पत्नीने, बेट्टीने, मारलवाई गावात राहून काम केलं. बेट्टीची समाधी तिथेच आहे. वस्तू जमवायला आलेला माणूस हळूहळू माणसांकडे वळला, म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्याच्या नागा वस्तूंपेक्षा त्याच्या रोजनिशा मला मोलाच्या वाटतात. कोण भेटलं, कोणाच्या घरी काय शिजलं होतं, कोणी काय सांगितलं, हे सगळं त्यात आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये एका लिलावात नागा माणसाची शिंगं जोडलेली कवटी विकायला ठेवली होती. नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी आवाज उठवला, नागा संघटनांनी निषेध केला, आणि ती विक्रीतून मागे घेतली गेली. पिट रिव्हर्सने त्याआधीच, २०२० मध्ये, मानवी अवशेष कपाटांतून काढले होते आणि नागा प्रतिनिधींशी ते परत नेण्याविषयी बोलणी सुरू झाली होती. कोणाचा तरी आजा कपाटात होता. त्याला 'वस्तू' म्हणणाऱ्यांना हे उमगायला इतकी वर्षं लागली.

दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे लोक वस्तू सांभाळण्याचा विचारच निराळ्या रीतीने करतात, आणि तो मला फार भावतो. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात राहिला. तिथल्या 'कुला'वर त्याने १९२२ साली पुस्तक लिहिलं. लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेने बेटांची फेरी करतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने. शेकडो मैल, उघड्या होड्यांतून. नामांकित माळेला स्वतःचं नाव असतं, ती कोणाकोणाकडे राहून आली याची कहाणी तिच्याबरोबर फिरते. ती मिळणं हा मोठा मान, पण आपल्याजवळ फार दिवस दाबून ठेवणाऱ्याचं नाव वाईट होतं. वस्तू पुढे द्यायची. दिल्याने माणूस मोठा होतो.

पश्चिम न्यू गिनीचे आस्मत लोक मेलेल्यांसाठी खारफुटीच्या झाडाचे उंचच उंच कोरीव खांब उभारतात, बिस म्हणतात त्यांना. विधी झाला की ते खांब सागोच्या बनात नेऊन टाकायचे. तिथे कुजतील आणि त्यांचं बळ झाडांत उतरेल, अशी श्रद्धा. असेच खांब जमवायला गेलेला मायकेल रॉकफेलर नोव्हेंबर १९६१ मध्ये त्या किनाऱ्यावर बेपत्ता झाला, तेवीस वर्षांचा. त्याने पाठवलेले खांब न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्या नावाच्या दालनात उभे आहेत. कुजू दिले नाहीत म्हणून आपल्यासारख्यांना ते दिसतात, हे मान्य. बनातल्या सागोच्या वाट्याचं काहीतरी त्यांच्यात अडकून पडलं आहे, असंही मला वाटत राहतं. पोळ्याचे मातीचे बैल आणि भाद्रपदातला गणपती पाण्यात सोडणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये.

आमच्याकडे देव्हाऱ्यातले टाकही असेच. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला खंडोबा, भवानी, घरातला वीर. रोजच्या अंघोळीने आणि पुसण्याने टाक झिजत जातो. आधी घोड्याचा पाय जातो, मग तलवार, मग नाकडोळे. शेवटी नुसता एक उंचवटा उरतो, बोटाला लागणारा. मग घरचे नवा टाक करून घेतात आणि जुना नदीत सोडतात, कधी सोनाराकडे देतात. सोनाराकडून तो संग्राहकाकडे जातो. संग्राहकांना स्वच्छ, ठळक टाक हवे असतात. मला विचाराल तर तो झिजलेला उंचवटा सगळ्यांत सुंदर. चार पिढ्यांच्या बायकांची बोटं त्याच्यावरून फिरली आहेत. मुखवटाही मी आधी उलटा करून पाहतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातला असो की आणखी कुठला, कपाळ टेकून टेकून आतल्या बाजूला जिथे काळपट गुळगुळीतपणा आला आहे, तिथे तो नाचला होता याची खूण असते. नकली माल करणारे चहाच्या पाण्याने आणि धुराने जुनेपणा आणतात, पण तो बहुधा समोरच्या अंगाला.

असं घरगुती, हाताळलेलं जमवणाऱ्यांत दिनकर केळकरांना मी फार मानतो. १८९६ चा जन्म, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा माणूस, आणि जमवलं काय, तर दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, वाद्यं, दारं, भांडी. बायकांच्या हाताखालच्या वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोग्या आहेत हे त्यांनी त्या काळात ओळखलं. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी या वेडापायी अंगावरचे दागिने दिले, आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या पुण्याच्या संग्रहालयाला मिळालं. वज्रीवर कोरलेले मोर-हत्ती बघत मी तिथे फार वेळ उभा राहतो.

आणि आमच्या जवळचे रामलिंगप्पा लामतुरे. तेरचे व्यापारी. पाऊस झाला की गावच्या पांढरीतून मणी, नाणी, मृण्मूर्ती वर यायच्या. ते जपून ठेवत गेले. कुठे लांब जाऊन त्यांनी काही आणलं नाही, पायाखालचंच उचललं. त्यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळातली हस्तिदंती स्त्री आहे. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या पाँपेईत सापडली. इसवी सन ७९ च्या आधी ती समुद्र ओलांडून गेलेली. आता नेपल्समध्ये असते. तिच्या हातांतली मनगटापासून वर चढत गेलेली कांकणं पाहिली की मला आमच्या तांड्यावरच्या बलिया आठवतात. दोघींमध्ये नातं आहे असं मी म्हणत नाही, दोन हजार वर्षांचं अंतर आहे. तरी केज, कळंब, ढोकी करत एकदा तांड्यावरच्या दोन-चार म्हाताऱ्यांना तेरला घेऊन जायचं आहे. ती हस्तिदंती बाई त्यांनी पाहावी, आणि तिच्या अंगावरच्या एकेका दागिन्याला त्या काय म्हणतात ते मी लिहून घ्यावं.