थरथर कुठून येते

एप्रिल उजाडला, गॅरेजमधले मोअर बाहेर निघाले की न्यू जर्सीतल्या आमच्या भागातून मला फोन यायला लागतात. "काका, मोअर फार थरथरतोय हो." बसून चालवायच्या मोअरची दुरुस्ती मी करतो, आणि या तक्रारीवर माझं उत्तर ठरलेलं आहे. पान्याला हात लावू नका, आधी सीटवर बसा.

थरथर केव्हा येते ते नीट पाहिलं की ती कुठून येते हे निम्मं तिथेच कळतं. पाती बंद ठेवून, गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू करायचं. तेवढ्यानेच स्टिअरिंग हातात नाचायला लागलं तर डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाखाली, शोधून उपयोग नाही. इंजिन चेसिसला धरणारे बोल्ट ढिले झालेले असतात, किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पेटतच नसतो. मग पाती चालू करायची. आता पायाखालची फळी थरथरली तर पट्टा, पुली, स्पिंडल (ज्यावर पातं फिरतं तो दांडा), पाती यांच्यापैकीच कुणीतरी बिघडलंय. गाडी चालवतानाच हादरे बसत असतील तर टायर बघावेत, कमी हवेवर हिवाळाभर उभे राहून ते एका बाजूने चपटे होतात. पट्टाही महिनोन्महिने पुलीला एकाच बाकात चिकटून राहिला की सुरुवातीला ठकठकतो. तापला की बहुधा गप्प बसतो. तेवढ्यासाठी डेक उतरवायची घाई मी करत नाही.

बरेचदा गाठ पडते ती पात्याशीच. 42 इंची डेकमध्ये सहसा दोन पाती असतात, मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या आसपास फिरणारी. एका टोकाला 10 ग्रॅम वजन जास्त असलं, म्हणजे इथली पाच सेंटची दोन नाणी, तर त्या वेगाला ते स्पिंडलला सुमारे 25 किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ही ओढ सेकंदाला 50 वेळा गरगर फिरते. बेअरिंगने किती सोसायचं? म्हणूनच धार लावलेलं प्रत्येक पातं मी भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघतो आणि जड बाजू कानशीने उतरवतो.

पण तोल बरोबर असूनही पातं वाकडं असू शकतं. किल्ली काढायची, स्पार्क प्लगची वायर ओढून बाजूला करायची. हे केल्याशिवाय डेकखाली हात घालू देत नाही मी कुणाला. जाड हातमोजे घालून पात्याच्या एका टोकावर खडूची खूण करायची आणि ते टोक फरशीपासून किती उंच आहे ते मोजायचं. मग अर्धा फेरा देऊन दुसरं टोक नेमकं त्याच जागी आणायचं. फरक 3 मिलिमीटरच्या वर गेला तर काहीतरी वाकलंय. काय, ते कळायला पातं सोडून टोकांची अदलाबदल करून बसवायचं. आधी खाली असलेलं टोक आताही खालीच असेल तर दोष पात्यात. दुसरं टोक खाली आलं तर दोष स्पिंडलमध्ये. ही तपासणी मला फार प्रिय आहे. तिला पट्टी आणि खडू याखेरीज काही लागत नाही.

वाकलेलं पातं ठोकून सरळ करून द्या, असं हमखास म्हणतात. आपल्याकडे वाकलेलं सरळ करून वापरायचीच सवय, आणि ती चांगली आहे. पण वाकून परत सरळ केलेल्या पोलादात बारीक तडा जाऊ शकतो, आणि असं पातं फिरताना तुटलं तर तुकडा कुणाच्या पायात घुसेल सांगता येत नाही. ते काम मी करत नाही. नवं पातं बसवतो, वळलेली कड डेकच्या बाजूला ठेवून.

एवढं करूनही नुसत्या इंजिनावरची थरथर गेली नाही, तर अंगणात मेपलचा एखादा बुंधा उरलाय का ते विचारतो. गाडी बुंध्यावर आदळली तर क्वचित इंजिनाचा क्रँकशाफ्टसुद्धा वाकू शकतो, आणि तो बदलण्यापेक्षा बहुतेकदा नवं इंजिन परवडतं. हा खर्च मी आधीच स्पष्ट सांगतो. आणि नवं इंजिन बसवायच्या आधी तो बुंधा खणून काढायला लावतो.