आगीनंतरचे रान

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शॉमबर्गची ओळख बहुतेकांना १९७१ साली उघडलेल्या वुडफिल्ड मॉलमुळे आणि त्याच्या आसपासच्या कचेऱ्यांमुळे असली, तरी याच गावात शॉमबर्ग रोडला लागून स्प्रिंग व्हॅली हे १३५ एकरांचे निसर्गक्षेत्र जपलेले आहे, आणि कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांचे जळालेले अरण्य पाहायला निघालेल्या प्रवाशाने ओहेअर विमानतळावरून विमान पकडण्यापूर्वी तेथे एक फेरी अवश्य मारावी. येथील प्रेअरी, म्हणजे उंच गवताचे नैसर्गिक माळरान, टिकवण्यासाठी नियंत्रित आगीचा अवलंब केला जातो. वारा, हवेतील ओलावा आणि धुराची दिशा पाहून, चारही बाजूंनी गवत कापून आगीला हद्द घालून, प्रशिक्षित माणसे ठरलेला तुकडा पेटवतात.

अशा आगीनंतर थोड्याच दिवसांनी गेल्यास पायवाटेच्या एका अंगाला काळा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला गतवर्षीचे वाळलेले पिवळे गवत असा देखावा दिसतो. काळ्या पट्ट्याजवळ वाकून पाहिले की राखेतून वर आलेले गवताचे टोकदार हिरवे कोंभ दिसू लागतात. बिग ब्लूस्टेम या उंच गवताच्या मुळ्या दोन-तीन मीटर खोल जातात आणि त्याचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात. शिवाय काळी पडलेली माती ऊन शोषून लवकर तापते, त्यामुळे या गवताची वाढ जोमाने सुरू होते, तर युरोपातून आलेले आणि थंडी ओसरताच हिरवे झालेले गवत नेमके त्याच वेळी होरपळते. बर ओक या झाडाची जाड, बुचासारखी सालही अशाच आगींना तोंड देणारी आहे. पोटावाटोमी आणि इतर मूलनिवासी लोक या प्रदेशात माळ पेटवत असत. ते हुसकावले गेले, नांगर आला, आणि इलिनॉयमधील सुमारे सव्वादोन कोटी एकर प्रेअरीपैकी आज मूळ स्वरूपातील अगदी एक टक्काही उरलेली नाही. जेथे आग थांबली, तेथे बकथॉर्नसारखी परकी झुडपे माजून ओकच्या रोपांना ऊन मिळेनासे झाले. कोकणात राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला आग आणि वणवा यांतील फरक वेगळा सांगावा लागत नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

ही पूर्वतयारी झालेला प्रवासी सॅन होजेला उतरून, सांताक्रूझ डोंगरातील बोल्डर क्रीक गावावरून वळणावळणाच्या २३६ क्रमांकाच्या रस्त्याने बिग बेसिनला पोहोचतो, तेव्हा त्याची नजर केवळ हानी मोजत बसत नाही. १९०२ साली स्थापन झालेले हे कॅलिफोर्नियातील सर्वांत जुने राज्य उद्यान. ऑगस्ट २०२० मध्ये कोरड्या विजा कोसळून डोंगरात अनेक ठिकाणी आगी लागल्या, त्या एकत्र येऊन सुमारे ८६,५०० एकर भूभाग जळाला, आणि अठरा हजारांहून अधिक एकरांच्या या उद्यानाचा ९७ टक्के भाग आगीच्या कचाट्यात सापडला. १९३६ साली बांधलेली लाकडी मुख्यालयाची इमारत नष्ट झाली. जुलै २०२२ मध्ये उद्यानाचा काही भाग पुन्हा खुला झाला.

आता तेथे उभे राहिले की मान वर करून पाहतच राहावे लागते. शेकडो वर्षांच्या रेडवुडचे खोड कोळशासारखे काळे आहे, फांद्यांचा मूळ पसारा नाहीसा झालेला आहे, आणि तरीही बुंध्यापासून वरपर्यंत खोडालाच आखूड पालवी फुटल्याने ते बाटली धुण्याच्या ब्रशासारखे दिसते. सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत जाड असलेल्या सालीखाली सुप्त कळ्या, म्हणजे वर्षानुवर्षे न फुटता राहिलेले अंकुर, दडलेले असतात. पानेच जळून गेल्यावर नव्या पालवीसाठी लागणारी शर्करा झाडाने अनेक दशकांपूर्वी साठवलेली होती, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. निसर्गातील काटकसरीचे याहून थक्क करणारे उदाहरण विरळाच. डग्लस फर या झाडाला मात्र अशी सोय नाही. तीव्र आगीत सापडलेली त्याची असंख्य झाडे उभ्या उभ्या मेली, आणि त्या उघड्या पडलेल्या जागी आगीच्या उष्णतेने रुजणारी सिॲनोथसची झुडपे दाट उगवली.

रेडवुडचे जगणे हा त्या आगीला निर्दोष ठरवणारा पुरावा नव्हे. जुन्या खोडांवरील काळ्या ढोली पूर्वीच्या आगींची साक्ष देतात. परंतु किनाऱ्यालगतचे मूलनिवासी लावत असलेल्या लहान आगी बंद पडल्या, दीर्घकाळ प्रत्येक ठिणगी विझवण्याचे धोरण राहिले, सुके लाकूड साचत गेले, आणि त्यावर दुष्काळ व वाढत्या उष्णतेची भर पडली. स्प्रिंग व्हॅलीत जे मोजूनमापून दिले जाते, ते येथे अनेक दशकांचे थकलेले एकाच वेळी वसूल झाले. म्हणूनच उद्यानाच्या पुनर्रचनेत नियंत्रित आगीला स्थान देण्यात आले असून, स्वागतकक्ष व वाहनतळ यांसारख्या मुख्य सोयी प्राचीन वृक्षांमध्ये पुन्हा न उभारता सॅडल माउंटन येथे नेण्याचे आणि तेथून बसने माणसांना आत सोडण्याचे ठरले आहे.