सत्काराचा संकोच : मैंदर्गी येथील एक अनुभव

चांगल्या कृत्याबद्दल चारचौघांत स्तुती झाली की कर्त्याला संकोच वाटतो, आणि तो संकोच विनयाचे लक्षण समजून स्तुती करणारे आणखी चार शब्द वाढवतात, हे आपल्या सार्वजनिक जीवनातील नित्याचे दृश्य आहे. या संकोचाची कारणे मात्र क्वचितच तपासली जातात. प्रस्तुत लेखकाला त्याचा अनुभव सोलापूर जिल्ह्यातील मैंदर्गी येथे आला, आणि तो नोंदवताना घडलेल्या मदतीपेक्षा तिच्या मागून आलेल्या सत्काराकडे लक्ष देणे अधिक योग्य ठरेल.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेजवळचे, नगरपरिषद असलेले छोटे शहर असून येथील अनेक घरांत कन्नड बोलली जाते, तर कचेरीचा आणि व्यासपीठाचा व्यवहार बहुधा मराठीत चालतो. गळीत हंगामात, म्हणजे साखर कारखाने ऊस गाळतात त्या महिन्यांत, या भागातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात, आणि त्यांपैकी पुष्कळ ट्रॉल्यांच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टीही नसते. अशाच एका उभ्या ट्रॉलीवर संध्याकाळच्या अंधारात एक दुचाकीस्वार आदळला. मागून येणाऱ्या वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या जीपच्या, चालकाने गाडी थांबवली, प्रवाशांनी खाली उतरून जागा करून दिली, दोन तरुणांनी जखमीला उचलले, एका वृद्धेने आपल्या बोचक्यातील सोलापुरी चादर काढून त्याच्या अंगाखाली घातली, आणि त्याच गाडीतील एक प्रवासी असलेला प्रस्तुत लेखक अक्कलकोटच्या रुग्णालयापर्यंत जखमीचे डोके मांडीवर धरून बसला. तरुण वाचला. लेखकाच्या वाट्याला आलेले काम यांत बहुधा सर्वांत सोपे होते, कारण चालकाची त्या दिवशीची कमाई बुडाली, वृद्धेची चादर गेली आणि उतरलेल्या प्रवाशांना अंधारात दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागली.

पुढे गावातील एका मंडळाने सत्कार ठरवला तो मात्र एकट्या लेखकाचा. यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता; रुग्णालयात नाव सांगणारा आणि नातेवाइकांना दूरध्वनी करणारा माणूस तोच असल्याने तेवढेच नाव लोकांपर्यंत पोहोचले, शिवाय शिकलेल्या आणि मराठीत भाषण करू शकणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बसवणे आयोजकांनाही सोयीचे असते. स्तुती ही पाण्यासारखी आधीच खोलगट असलेल्या जागी साचते, आणि ज्यांची नावे आधीपासून ठाऊक आहेत त्यांच्याच पदरात ती पडते. फेटा बांधला गेला, शाल आणि श्रीफळ देण्यात आले, फ्लेक्सवर ‘देवदूत’ असा शब्द छापलेला होता. चालकाचा उल्लेख लेखकाने स्वतःच्या भाषणात केला तेव्हा टाळ्या पडल्या, परंतु त्या चालकासाठी नव्हत्या. लेखकाच्या नम्रतेचे आणखी एक उदाहरण म्हणून त्या वाजल्या. स्तुती नाकारण्याचा प्रत्येक प्रयत्न अशा रीतीने स्तुतीतच जमा होतो, आणि व्यासपीठावरील माणसाला यातून सुटका नसते.

खरा संकोच याहून वेगळ्या क्षणी झाला. जखमी तरुणाच्या वडिलांना व्यासपीठावर बोलावण्यात आले आणि वयाने कितीतरी मोठे असलेले ते गृहस्थ सर्वांसमोर लेखकाच्या पायांकडे वाकले. त्यांना हात धरून उठवले तरी जे व्हायचे ते होऊन गेले होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या देणगीविषयक निबंधात असे दाखवले की कोणतेही देणे घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन टाकते आणि परतफेड न करू शकणारा देणाऱ्यापेक्षा खालच्या पायरीवर उतरतो. रस्त्यावर त्या संध्याकाळी असे कोणतेही देणे-घेणे झाले नव्हते, कारण कोण कोणाला उचलतो आहे हे कोणी विचारलेच नव्हते. सत्काराने मात्र त्या घटनेची खातेवही मांडली आणि एका कष्टकरी कुटुंबाच्या नावावर गावासमोर कर्ज लिहून ठेवले.

या भूमीच्या परंपरेला ही अडचण अपरिचित नाही. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्या सहकारी शरणांनी, म्हणजे वचनकार शिवभक्तांनी, ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही दोन तत्त्वे मांडली. पहिल्याचा अर्थ प्रामाणिक श्रम, आणि दुसऱ्याचा अर्थ त्या श्रमाचे फळ दाता म्हणून न देता सेवक म्हणून समाजाला अर्पण करणे. सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच काळातले. पंधराव्या शतकात प्रथम संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात असा प्रसंग आहे की तलाव खोदवून घेण्यात मग्न असलेल्या सिद्धरामांच्या सोन्नलिगे नगरीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, शरणांपैकीच एक असलेले अल्लमप्रभू येतात आणि सिद्धरामांचा उल्लेख मातीकाम करणारा वडार असा करून विचारणा करतात, तेव्हा तेथील अनुयायी संतापून दगड उचलतात. प्रसंगाचे रूढ विवरण लोककार्य आणि आत्मज्ञान यांतील भेदाकडे वळते. येथे मात्र अनुयायांचा संताप अधिक बोलका वाटतो, कारण तलावाला कोणी नावे ठेवली नव्हती, दगड उचलले गेले ते नावाच्या रक्षणासाठी.

याला दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाही. पोलिसांची चौकशी आणि न्यायालयाच्या खेपा यांच्या धास्तीने जखमीला तसेच टाकून पुढे जाणारे लोक पुष्कळ होते, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अशा समाजात थांबणाऱ्याचे कौतुक झाल्याने आणखी कोणी थांबणार असेल, तर एकट्या माणसाच्या अवघडलेपणाला फार किंमत देता येत नाही. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये अशा मदतीसाठी ५,००० रुपयांच्या बक्षिसाची योजना सुरू केली. तथापि त्याच कायद्याखालील नियमांनुसार मदत करणाऱ्याला आपले नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक देण्याची सक्ती करता येत नाही, म्हणजे अनाम राहणे हा त्याचा हक्क मानला गेला आहे.

पोलीस ठाण्यात मान्य झालेला हा हक्क गावच्या व्यासपीठावरही मानला जावा. मंडळांनी सत्कार अवश्य करावेत, परंतु आधी त्या माणसाला विचारावे, त्याच्याबरोबर आणखी कोण होते याची चौकशी करावी, वडापचालकाला त्याचे बुडालेले भाडे द्यावे, आणि जखमीला किंवा त्याच्या वडिलांना आभार मानण्यासाठी व्यासपीठावर कधीही बोलावू नये.