सप्ताळूची झोप

पीचला मराठीत 'सप्ताळू' असा जुना शब्द आहे, हे सांगितले की माझे विद्यार्थी हसतात. जर्दाळू मात्र त्यांच्या ओळखीचा. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्यासारखे फळ. हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत विनातक्रार रुजले. झाडाचे तसे नसते, हे मला परळच्या आमच्या चाळीतल्या एका पिंपाने शिकवले.

सहा वर्षांपूर्वी दादरच्या बाजारातून आणलेल्या पीचच्या बिया आबांनी जपून ठेवल्या. रुजण्याआधी त्यांना काही आठवडे ओली थंडी लागते, असे वाचून मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. दोन महिन्यांनी एकीला मोड आला. गॅलरीतल्या पिंपात रोप पुरुषभर उंच झाले. दर फाल्गुनात आबा विचारत, "यंदा फुलेल?" मी म्हणे, "पुढच्या वर्षी."

खरे उत्तर मला ठाऊक होते. सप्ताळू, जर्दाळू आणि नेक्टरीन (तो म्हणजे बिनलवीचा सप्ताळूच) ही झाडे पानगळीनंतर झोपी जातात. ढोबळमानाने सात अंशांखालच्या गारव्याचे तास कळीत जणू मोजले जातात. बहुतेक जातींना असे कित्येक शे तास लागतात. उष्ण प्रदेशांसाठी मुद्दाम तयार केलेल्या काही जातींना दीडशे-दोनशे पुरतात. हिशेब पुरा झाल्याखेरीज बहर नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईत थंडीचा उच्चांक झाला, तेव्हाही सांताक्रूझला ७.४ आणि कुलाब्याला ११.७ अंश तापमान होते. त्या रात्रीही आमच्या झाडाच्या खात्यावर एक तास जमा झाला नसता.

गेल्या वर्षी मी आबांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे याला झोपच नाही?"

आबा १९६१ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागले आणि जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू होईपर्यंत साचाखात्यात होते. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे पाळीपाळीने निजत. दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली की रातपाळीवाल्याची पसरायची. मी फळाची निराशा त्यांच्यापासून पाच वर्षे लपवली होती. त्यांना वाईट वाटले ते भलत्याच गोष्टीचे.

माणदेशात त्यांच्या भावाची डाळिंबाची बाग आहे. तिथे बहार धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने गळतात, झाड विसावते. आबांनी मार्गशीर्षात पिंपाचे पाणी कमी केले आणि स्टुलावर बसून एकेक पान हाताने उतरवले. उष्ण कटिबंधातल्या डोंगराळ बागांत सप्ताळूची पाने अशीच काढतात, हे मी वाचले होते. परळच्या हवेत त्याने फळ धरणार नाही, हेही या वेळी मी सांगून टाकले.

"फळाचं कोण बोलतंय?" आबा म्हणाले. "महिनाभर निजू दे त्याला."

माघात तीन-चार डोळ्यांतून पालवी फुटली. फूल नाही. फाल्गुन आला तेव्हा आबांनी काही विचारले नाही आणि मलाही 'पुढच्या वर्षी' म्हणावे लागले नाही.