गार हातांचं काम

मे महिन्यात नागपुरातल्या एखाद्या स्वयंपाकघरात ओट्यावर लोण्याची वडी ठेवावी, दारावरच्या माणसाशी दोन शब्द बोलून परत यावं, तर वडीच्या जागी तळं. लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास पुरतं वितळतं, आणि आपल्याकडे तेवढं तापमान सावलीतसुद्धा असतं. पफ पेस्ट्रीचा सगळा डोलारा मात्र लोणी वितळू न देण्यावर उभा. मैद्याच्या गार पोळीत गार लोण्याची चपटी वडी गुंडाळायची, लाटायची, तीनपदरी घडी घालायची, विसाव्याला फ्रीजमध्ये ठेवायची. मग पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. दर घडीला थर तिप्पट होतात, त्यामुळे सहाव्या घडीअखेर लोण्याचे 729 थर. मधे कुठे लोणी सैल पडलं की ते मैद्यात मुरतं आणि हाती एक तुपकट पोळी उरते. फ्रान्समध्ये या पेस्ट्रीची कृती 1653 सालच्या ‘ल पातिसिए फ्रांस्वा’ या पुस्तकात छापून आली, पण छापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वैशाखातला विदर्भ नव्हता.

म्हणून दुकानाच्या फ्रीझरमधून तयार पेस्ट्रीचं पाकीट उचलणाऱ्याला मी आळशी म्हणत नाही. हवामानाशी केलेला तो शहाणा तह आहे. आपण बचत गटाच्या बायकांकडून पापड आणतो, दिवाळीच्या तोंडावर अनारशाचं पीठ विकत घेतो, होळीला तयार पुरणही घेतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग गोठवलेल्या मैद्याच्या पोळीनंच काय घोडं मारलंय?

शिवाय पदर सोडवण्याची कला आपल्याला परकी नाही. चिरोटे करणाऱ्या घरात साटा ठाऊक असतो: तूप हातानं फेटून हलकं करायचं, त्यात तांदळाची पिठी मिसळायची, एकावर एक रचलेल्या पातळ पोळ्यांच्या मधे ते फासायचं, घट्ट गुंडाळी करायची, काप पाडायचे, ते बेतानं लाटून मंद आचेवर तळायचे. तूप तिथे पदरांना एकमेकांपासून दूर ठेवतं. पफमध्ये हेच काम लोणी करतं. फरक पुढे आहे. चिरोट्याचे पदर कढईतल्या तुपात हळूहळू सुटतात, पफचे पदर भट्टीत उचलले जातात. उचलणारी असते वाफ. मैद्यात पाणी असतं, लोण्यातही थोडं असतं. त्याची वाफ होताना ते सुमारे सोळाशे पट जागा मागतं आणि वरच्या थराला ढकलून ती मिळवतं. मैद्याचा थर त्याच उंचीवर शिजून कडक झाला तर पेस्ट्री उभी राहते. भट्टी कोमट असेल तर वाफ धरण्याआधीच लोणी वाहून जातं.

तेव्हा पाकीट आणल्यावर आपल्या वाट्याला जे काम उरतं, ते गारवा सांभाळण्याचं. गोठलेली पट्टी ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडावी. ओव्हन आधी 200 अंशांना तापू द्यावा. नुसत्या मायक्रोवेव्हवर हे जमत नाही, कन्व्हेक्शनची सोय हवी किंवा ओटीजी हवा. सुरी धारदार असावी आणि सरळ खाली दाबावी, ओढू नये. वर दूध किंवा फेटलेलं अंडं लावताना ते कापलेल्या कडेवरून ओघळलं तर कडेचे थर तिथेच चिकटतात आणि पॅटीस एका बाजूला खांदा पाडून बसतं. हातात घेतलेला तुकडा लुळा पडायला लागला की गप्पा थांबवून त्याला दहा मिनिटं फ्रीजमध्ये धाडावं. उन्हाळ्यात हे दर चौथ्या मिनिटाला करावं लागतं, त्याला इलाज नाही.

आत काय भरायचं, हा खरा रंजक भाग. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा बटाटा-मटारच येणार. आपटे रस्त्यावरच्या संतोष बेकरीत किंवा कॅम्पातल्या हिंदुस्थान बेकरीत गरम पॅटीसचा ट्रे बाहेर येतो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव दिसतो, तो मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे. पण घरी त्याच पॅटीसची नक्कल कशाला करायची? ते तिथेच जाऊन खावं. घरात झुणका उरलेला असतो. चांगला कोरडा, मोकळा, कांदा-मिरचीचा, वर सढळ कोथिंबीर घातलेला झुणका या पेस्ट्रीला इतका शोभतो की हा मेळ आधी कुणाला सुचला नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. बेसन ओल शोषून घेतं, त्यामुळे तळ भिजत नाही. मिरचीचा तिखटपणा लोण्याला वठणीवर आणतो. याच न्यायानं कोकम टाकून परतलेला सुका जवळा. गोव्याचा चोरीस घ्यायचा असेल तर आधी परतून त्याचं सुटलेलं तेल निथळावं, नाहीतर दोन चरब्यांचं भांडण होतं आणि जिंकत कुणीच नाही. रस्साभाजी भरण्याचा मोह टाळावा. सारण कोरडं हवं, पूर्ण निवलेलं हवं, आणि मन मानतं त्याच्या निम्मंच हवं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. करंजी भरताना जो हात सढळ, तो इथे आखडता लागतो.

गोडात पुरण उत्तम चालतं, कारण ते शिजतानाच आटलेलं असतं. ओल्या नारळाचं सारण भट्टीत पाणी सोडतं. त्यात थोडी भाजलेली खसखस किंवा रवा घालावा. फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या सणाला याच पेस्ट्रीच्या दोन चकत्यांमध्ये बदामाचं सारण भरून गोल ‘गॅलेत दे रुआ’ करतात आणि त्यात एक छोटी वस्तू लपवतात. ज्याच्या घासात ती येईल तो त्या दिवसाचा राजा. परदेशातल्या मराठी घरांत दिवाळीला भट्टीत भाजलेल्या पफच्या करंज्या होतात. त्यांना खऱ्या करंजीची सर नाही हे मी ठामपणे म्हणेन, आणि समोर आल्या तर तीन खाईन.

माझी आवडती मात्र राजेळी केळ्यांची. फ्रान्समधल्या लामोत-बव्ह्रों गावी हॉटेल चालवणाऱ्या तातँ बहिणींच्या नावानं सफरचंदाचा एक उलटा टार्ट जगभर चालतो. सफरचंदाऐवजी पिकलेली, तरी घट्ट राजेळी केळी घ्यावीत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ती शिजवूनच खातात, त्यामुळे भट्टीचं त्यांना भय नाही. भट्टीत जाऊ शकेल अशा जाड बुडाच्या तव्यात तुपावर गूळ विरघळवावा, जळू देऊ नये, गूळ साखरेपेक्षा लवकर कडू होतो. वर केळ्यांचे उभे काप, चिमूटभर वेलची, चिमूटभर मीठ. जरा निवलं की वरून पेस्ट्रीची गार चकती पांघरावी, कडा आत खोचाव्यात, काट्यानं टोचे मारावेत. अर्ध्या तासात वरचा भाग खरपूस तांबूस होतो. भट्टीतून काढल्यावर पाच मिनिटं थांबून ताटात उलटं करायचं. लगेच केलं तर उकळता गूळ हातावर येतो, फार उशीर केला तर केळी तव्याला सोडत नाहीत.

पाकिटाच्या पाठीवर घटक वाचावेत. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्यांमध्ये लोण्याऐवजी वनस्पतिजन्य चरबी असते. ती उशिरा वितळते म्हणून इथल्या उन्हाला सोयीची, पण टाळूला किंचित चिकटते. ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. लोण्याची पट्टी मिळाली तर गोडासाठी ती राखून ठेवावी, झुणक्याला दुसरी चालते.

कापताना उरलेल्या चिंध्या मळून गोळा करू नयेत, थरांचा सत्यानाश होतो. त्या एकावर एक आडव्या रचून लाटाव्यात, वर जिरं आणि जाड मीठ टाकावं, पट्ट्या कापाव्यात. आधी कडक आचेवर फुगवून मग 150 अंशांना सुकू दिल्या की घरची खारी तयार. चहात बुडवायला ती बेकरीच्या खारीइतकी दणकट नसते, पटकन मोडून कपाच्या तळाशी जाते. मग चमचा घ्यावा.